लसीकरण : प्रश्न अज्ञानाचा की विश्वासाचा?

(दौंड येथे कार्यकर्ते व पालक यांच्या एकत्रीकरणात एका बालरोगतज्ज्ञांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



मला जो विषय देण्यात आला आहे तो असा : ‘काही पालक मुलांना लस का देत नाहीत?’ निमंत्रण देण्यास आलेल्या कार्यकर्त्यांनी प्रश्नासोबत उत्तरही आणले होते. ‘डॉक्टर, अज्ञान फार आहे हो, त्यावर बोला,’ असे ते म्हणाले. त्यांच्या तळमळीविषयी मला आदर आहे. तथापि, या उत्तराविषयीच मला आज बोलावयाचे आहे. समोरच्या माणसाला अज्ञानी ठरविले की आपले काम फार सोपे होते. एक पत्रक छापावे, एक व्याख्यान ठेवावे, दोन घोषणा द्याव्यात आणि घरी जावे! प्रत्यक्षात या तालुक्यात आणि भीमेपलीकडे शिरूर तालुक्यात ज्या बालकांच्या लसी राहून जातात, त्यांच्या घरी जाऊन बसले तर निराळेच चित्र दिसते.

प्रथम थोडी आकडेवारी पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ साली महाराष्ट्रातील एक ते दोन वर्षे वयाच्या बालकांपैकी जेमतेम ५६ टक्के बालकांचे लसीकरण पूर्ण झाले होते. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ७३ टक्क्यांच्या पुढे गेले. प्रगती निश्चित आहे. पण स्वतःस पुरोगामी म्हणविणाऱ्या राज्यात चारांतले एक मूल अपुऱ्या संरक्षणानिशी वाढते आहे, हेही तितकेच खरे. गोवराचा एक रुग्ण, आजूबाजूला कोणालाच संरक्षण नसेल तर, बारा ते अठरा जणांना लागण करतो. म्हणून गोवराला थोपवायचे तर शंभरांतील पंचाण्णव मुले संरक्षित असावी लागतात. पंचाण्णव आणि त्र्याहत्तर यांमधील अंतर भरून काढणे हे आपल्या आजच्या चिंतनाचे प्रयोजन आहे. २०२० च्या टाळेबंदीत नेहमीची लसीकरण सत्रे विस्कळीत झाली आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत, भिवंडीत, मालेगावात गोवर उसळला. अनेक बालकांचे प्राण गेले. गोवर म्हणजे अंगावर पुरळ येऊन आपोआप जाणारे दुखणे, असे मानणाऱ्यांनी ती घरे पाहावयास हवी होती. गोवरामागून न्यूमोनिया येतो, कुपोषित मुलाची दृष्टी जाते आणि शरीराने आधी कमावलेली इतर रोगांविरुद्धची प्रतिकारशक्तीही गोवर पुसून टाकतो.

आता आपल्या घरापासूनच सुरुवात करू, कारण मध्यमवर्गीय कुटुंबांतही लस चुकते आणि त्याचे कारण एका सुंदर परंपरेत दडलेले आहे. पहिले बाळंतपण माहेरी करावे, ही आपली रीत. मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते, बाळ तेथेच जन्मते. जन्माबरोबरची बी.सी.जी., पोलिओचा थेंब, कावीळ ब ची लस तेथेच मिळते. दीड महिन्याची पहिली फेरीही तेथेच होते. मग बारसे होते आणि तिसऱ्या महिन्यात बाळ सासरी येते. बाळंतविडा येतो, कुंची-झबली येतात, चांदीचा वाळा येतो. लसीकरणाचे कार्ड मात्र माहेरच्या कपाटात राहते. सासरच्या गावच्या आरोग्य सेविकेच्या नोंदवहीत या बाळाचे नाव नाही, कारण ते तेथे जन्मलेच नाही. माहेरच्या सेविकेच्या लेखी ते गाव सोडून गेले आहे. दोन्ही नोंदवह्या आपापल्या जागी बिनचूक आहेत आणि बाळ मात्र दोहोंच्या मधल्या फटीत पडले आहे. अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या मात्रा अशा रीतीने राहतात. यात कोठे अज्ञान आहे? आई पदवीधर असते, आजोबा निवृत्त शिक्षक असतात. एका कार्डाचा प्रवास चुकला, एवढेच.

म्हणून माझी एक साधी सूचना. बाळंतविड्याच्या यादीत सर्वांत वर कार्ड लिहावे. आणि सासूबाईंनी सून घरी आल्यावर आठवड्याच्या आत आशाताईंना घरी बोलावून बाळाचे नाव नोंदवून घ्यावे. कोणत्याही गावचे बालक कोणत्याही सरकारी सत्रात लस घेऊ शकते, तेथील रहिवासी असल्याचा दाखला लागत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कार्ड हरवले म्हणून कोणी परत पाठविले तर तेवढ्यावर माघारी फिरू नये. मोबाइलमध्ये कार्डाचे छायाचित्र ठेवणे हा तर आजच्या काळातील सर्वांत स्वस्त विमा आहे.

घरातील निर्णय कोण घेते, हाही विचार करण्यासारखा विषय आहे. आईला सर्व माहीत असते, परंतु निर्णयाची किल्ली तिच्या हाती असतेच असे नाही. पंचगुणी लसीनंतर रात्री बाळाला ताप येतो. मांडी सुजते, बाळ किरकिरते, घरभर कोणी झोपत नाही. सकाळी आजी म्हणते, ‘चांगलं हसतं-खेळतं पोर तुम्ही आजारी पाडून आणलंत.’ या वाक्यापुढे तरुण आईचे काही चालत नाही आणि पुढच्या महिन्याची मात्रा ‘जरा मोठं होऊ दे, मग बघू’ या सबबीखाली पुढे ढकलली जाते. आजीला दोष देण्याचे कारण नाही. तिने जे पाहिले त्यावरून तिने जे अनुमान काढले, ते तर्कास धरूनच आहे. चूक आहे ती आपल्या व्यवस्थेची. कारण लस देताना ताप येऊ शकतो, तो एक-दोन दिवसांत उतरतो, सांगितल्याप्रमाणे तापाचे औषध द्यावे, टोचलेल्या जागी चोळू नये, हे कोणी तिला आधी सांगितले नाही. आधी सांगून ठेवलेला ताप हे लक्षण वाटते. न सांगता आलेला ताप फसवणूक वाटते. कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकेल, पुढची तारीख कोणती आणि कार्ड जपून ठेवा, ही चार वाक्ये प्रत्येक सत्रात प्रत्येक आईला सांगावयाची असतात. गर्दीच्या दिवशी सेविकेकडून ती सुटतात. माझ्या मते पुढची मात्रा होणार की नाही, हे या चार वाक्यांवर ठरते. आणि ती आईबरोबरच आजीलाही सांगावयास हवीत.

सर्दी-पडशाचेही तसेच. ‘नाक वाहतंय, आज नको’ असे म्हणून कितीतरी बालके परत नेली जातात. किरकोळ सर्दी, थोडी खोकल्याची ढास, दात येणे ही लस टाळण्याची कारणे नव्हेत. कित्येकदा आमचे व्यवसायबंधूच असा सल्ला देतात, हे खेदाने सांगितले पाहिजे.

आता मला ज्या वस्तीविषयी सविस्तर बोलावयाचे आहे तिकडे वळतो. दौंड हा उसाचा तालुका. साखर कारखाने आहेत, केडगाव परिसरात गुऱ्हाळांची रांग आहे. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांचे तांडे येतात. कारखान्याच्या आवारात, माळावर, शेताच्या बांधाला कोप्या उभ्या राहतात. त्या कोपीत पाच-सहा महिने संसार चालतो. गुऱ्हाळांवर उत्तर प्रदेशातील मजूर आहेत. शिरूरकडे रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर येथील औद्योगिक पट्ट्यात तर देशाच्या कानाकोपऱ्यातील कुटुंबे भाड्याच्या खोल्यांतून राहतात. आपल्या मुलांच्या लसी राहतात त्या फटीत. यांच्या लसी राहतात त्या खिंडारात.

एक हिशोब मांडून पाहा. समजा, बाळ मार्च महिन्यात जन्मले. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर द्यावयाची, म्हणजे डिसेंबरात. डिसेंबरात हे बाळ गावी नाही; ते पाटसच्या किंवा आलेगावच्या फडावर, उसाच्या पाचटावर अंथरलेल्या गोधडीवर आहे. गावची आशाताई घरी जाते, कुलूप पाहून परत येते. एप्रिलमध्ये कुटुंब गावी परततते, तेव्हा बाळ वर्षाचे उलटून गेलेले असते. ज्या वयात गोवर सर्वांत घातक, नेमक्या त्याच महिन्यांत ते दाटीवाटीच्या वस्तीत संरक्षणाविना राहिले. ऑगस्टात जन्मलेल्या बाळाचे निराळे. त्याची दीड आणि अडीच महिन्यांची फेरी गावी होते, साडेतीन महिन्यांची नोव्हेंबरात येते आणि तीच चुकते. म्हणजे बालकाच्या नशिबी कोणती लस चुकणार हे त्याच्या जन्ममहिन्यावरून सांगता येते. यासाठी ज्योतिषाची गरज नाही, गळीत हंगामाची तारीख पुरेशी आहे.

आता त्या आईच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. पहाटे अंधारात फडावर जावयाचे, तोडावयाचे, मोळ्या बांधावयाच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरावयाची. एक दिवस कामावर गेले नाही तर तो ‘खाडा’ धरला जातो आणि त्याचे पैसे हिशोबातून कापले जातात. लस फुकट आहे, असे आपण अभिमानाने म्हणतो. तिच्यासाठी ती फुकट नाही. लसीची किंमत एक खाडा आहे. आणि बाळाला ताप आला तर दोन खाडे. शिवाय सत्र भरते ते दिवसा, गावच्या अंगणवाडीत. तिला त्या गावचा रस्ताही नीट ठाऊक नसतो आणि तिथे गेल्यावर ‘तुम्ही कुठल्या? कार्ड कुठंय?’ या प्रश्नांना सामोरे जावे लागते. अशा स्थितीत ती जात नसेल तर तिला अज्ञानी म्हणण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही. मी अशा कित्येक मातांशी बोललो आहे. पोलिओ, धनुर्वात यांविषयी त्या आपल्याहून अधिक गांभीर्याने बोलतात, कारण त्यांनी ते दुःख जवळून पाहिलेले असते. युनिसेफने २००९ साली देशभर जी पाहणी केली, तीत लस न देण्याच्या कारणांत ‘गरज वाटली नाही’ आणि ‘माहिती नव्हती’ ही उत्तरे वरच्या क्रमांकावर होती. दुष्परिणामांची भीती पुष्कळ खाली होती. म्हणजे माहितीचा अभाव मी नाकारीत नाही. परंतु ‘कुठे जावे ते कळले नाही’, ‘वेळ सोयीची नव्हती’ ही उत्तरेही तेथे होती आणि ती अज्ञानाच्या खात्यावर मांडता येत नाहीत.

मित्रहो, विश्वास हा शब्द मी शीर्षकात योजिला, त्याचे कारण आपल्या पुण्याच्या इतिहासात आहे. १८९७ चा प्लेग आपल्याला ठाऊक आहे. रँडच्या अंमलाखाली गोरे सोजीर घरात शिरले, देवघरापर्यंत बूट गेले, स्त्रियांची विटंबना झाली, सामान रस्त्यावर फेकून जाळले गेले. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी त्याचा सूड घेतला. हे आपण नित्य सांगतो आणि सांगावेही. परंतु त्याच जानेवारीत, १० तारखेला, मुंबईत वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने स्वतः तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली होती, ही गोष्ट त्या तुलनेत कमी सांगितली जाते. एकाच वर्षी, एकाच रोगाविरुद्ध, सत्तेने घराचे दार लाथेने उघडले आणि एका वैज्ञानिकाने आधी स्वतःचा दंड पुढे केला. समाजाने कोणावर विश्वास ठेवावा? त्याच काळात लोकमान्यांनी पुण्यात हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय उभे करण्यात पुढाकार घेतला. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेल्या. उपचाराला समाजाचा विरोध नव्हता. विरोध उपचाराच्या नावाखाली चाललेल्या अवमानाला होता. आजही एखाद्या वस्तीत शिरून ‘ए, बाहेर आणा पोरं’ असे दरडावले तर लस कितीही उत्तम असो, दार बंदच होणार.

आणि विश्वास किती नाजूक असतो पाहा. १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी हाफकिनच्या लसीच्या एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. बाटली दूषित झाली होती. दोष हाफकिन यांच्या माथी मारण्यात आला, त्यांना कामावरून दूर व्हावे लागले आणि निर्दोष ठरण्यास १९०७ साल उजाडले. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले ते १९२५ मध्ये. लाखोंना टोचलेल्या लसीची कीर्ती एका बाटलीने झाकोळली. म्हणून लसीनंतर काही विपरीत घडल्यास ते दडपून ठेवू नये, त्याची नोंद व चौकशी व्हावी, असा आग्रह आपण धरला पाहिजे. लपविलेली एक घटना शंभर अफवांना जन्म देते.

देवीच्या लसीची कथाही येथे सांगितली पाहिजे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला भारतातील पहिली लस यशस्वीरीत्या टोचली गेली आणि तिच्या दंडावरच्या फोडातील द्रव पुढे इतर बालकांना, मग पुणे, सुरत असा पोहोचला. एकाच्या दंडातून दुसऱ्याच्या दंडात, अशी ती पद्धत. लोकांना ती किळसवाणी वाटली, भयावह वाटली. आणि त्या पद्धतीतून अन्य रोग पसरू शकत होते, हेही खरे. शिवाय देवी हा रोग नसून देवीचा कोप अथवा कृपा आहे, अशी श्रद्धा होती. गोवर-कांजिण्यांत आजही घरात कडुलिंबाचा पाला ठेवतात, फोडणी देत नाहीत, घर शांत ठेवतात. यातील स्वच्छतेचा आणि रुग्णाला विसावा देण्याचा भाग उत्तमच आहे. आजारी मुलाची सेवा देवीची सेवा म्हणून करावी, यात गैर काय? मात्र सेवा आजार आल्यानंतरची. लस आजार येऊ नये म्हणून. या दोहोंत भांडण लावण्याचे कारणच नाही. माझ्या अनुभवात श्रद्धाळू आजीला हे पटते, फक्त तिच्या श्रद्धेची टिंगल करून संभाषणाला आरंभ करू नये.

एका गोष्टीचा उल्लेख थोडा अप्रिय वाटला तरी करतो. जेन्नरच्या आधी आपल्या ग्रंथांत गाईच्या देवीची लस सांगितली होती, असा धन्वंतरीच्या नावावरचा एक श्लोक अधूनमधून फिरत असतो. अभ्यासकांना आपल्या प्राचीन वैद्यकग्रंथांत असे काही आढळलेले नाही. जे खरोखर होते त्याचा अभिमान पुरेसा आहे. बंगालमध्ये टीकेदार गावोगाव फिरून देवीच्या रुग्णाच्या फोडातील अंश निरोगी माणसाच्या हातावर टोचीत, पथ्य पाळावयास लावीत, आणि त्याचा सविस्तर वृत्तांत हॉलवेल याने १७६७ साली लंडनच्या वैद्यांपुढे ठेवला होता. ती गाईच्या देवीची लस नव्हे, तिच्यात धोका अधिक होता, काही दगावत. परंतु रोग अंगावर सौम्य रूपात घेऊन पुढचे संकट टाळावे, ही कल्पना आपल्या खेड्यांना परकी नव्हती. एवढे सत्य आपल्या कामास पुरते. १९७५ च्या मे महिन्यात देशातील देवीचा अखेरचा रुग्ण नोंदला गेला. देवीचा रोगी कळविणाऱ्यास हजार रुपये, ही घोषणा ज्येष्ठांना आठवत असेल. आज ज्यांच्या दंडावर ते गोल व्रण आहेत, त्यांनी नातवंडांना ते दाखवावेत. ते व्रण म्हणजे एका जिंकलेल्या युद्धाची खूण आहे.

विश्वास कमावला कसा जातो, याचे उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे, छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीने पावन झालेल्या गावी, पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाने १९७० च्या दशकात ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. डॉ. बानू कोयाजी यांनी गावातल्याच साध्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन आरोग्याचे काम त्यांच्या हाती सोपविले. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे २०११ पासून भारतीय बनावटीच्या रोटाव्हायरस लसीची मोठी चाचणी देशात तीन ठिकाणी झाली : दिल्ली, वेल्लोर आणि हा वढूचा परिसर. तिन्ही ठिकाणची मिळून ६,७९९ अर्भके तीत सहभागी झाली. ज्या विषाणूच्या जुलाबाने देशात दरवर्षी सत्तर-ऐंशी हजार बालके दगावत असा अंदाज होता, त्यावरील ही लस. तिच्यासाठीचा सौम्य विषाणू दिल्लीच्या एम्समध्ये १९८० च्या दशकात नवजात बालकांत सापडला होता. पहिल्या वर्षात तीव्र आजार निम्म्याहून थोडा अधिक कमी होतो, असे दिसले आणि २०१६ पासून ती राष्ट्रीय कार्यक्रमात टप्प्याटप्प्याने आली.

विचार करा, आपल्या सहा-सात आठवड्यांच्या बाळाला अद्याप सिद्ध न झालेल्या लसीचे थेंब पाजण्यास शिरूरच्या शेतकरी आईवडिलांनी संमती कशी दिली असेल? त्यांना सर्व विज्ञान समजले होते म्हणून? माझ्या समजुतीप्रमाणे त्यामागे वर्षानुवर्षांची ओळख होती. दर आठवड्याला बाळाची विचारपूस होत होती, जुलाब झाले तर दवाखाना उघडा होता. ज्यांनी सासूचे बाळंतपण पाहिले, सुनेचे पाहिले, त्यांच्यावर नातवाच्या बाबतीत विश्वास टाकला गेला. आज तुमच्या-माझ्या बाळाला जो थेंब मिळतो, त्यात शेजारच्या तालुक्यातील त्या मातांचे ऋण आहे.

उलट शहरी सुशिक्षितांची भीती बघा. इंग्लंडमध्ये १९९८ साली वेकफील्ड नामक डॉक्टरने अवघ्या बारा मुलांवरून गोवराच्या संयुक्त लसीचा आणि स्वमग्नतेचा संबंध सूचित केला. २०१० साली ‘लॅन्सेट’ने तो निबंध मागे घेतला आणि त्याच वर्षी त्याची वैद्यकीय नोंदणीही गेली. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१९ साली असा संबंध नसल्याचे पुन्हा दाखविण्यात आले. तरीही तो संदेश मोबाइलवर फिरतोच. स्वमग्नतेची लक्षणे ध्यानात येण्याचे वय आणि लसीचे वय जवळजवळचे आहे, म्हणून पालकांचा गैरसमज होतो. त्यांच्या वेदनेची थट्टा नको. पण ज्यांच्या मुलांना खाजगी दवाखान्यात सर्व काही उपलब्ध आहे, त्यांनी ‘नैसर्गिक प्रतिकारशक्ती’चे तत्त्वज्ञान सांगावे आणि फडावरच्या आईला अज्ञानी म्हणावे, हा न्याय नव्हे.

याच वर्गाचा आणखी एक समज : सरकारी लस हलकी. दौंडहून सोलापूर रस्त्याने पुण्यास जाताना हडपसरला १९६६ साली स्थापन झालेली सीरम संस्था लागते. मात्रांच्या संख्येने ती जगातील सर्वांत मोठी लसउत्पादक आहे. तिच्या लसी सरकारी शीतपेटीतही असतात आणि खाजगी दवाखान्यातही. ‘बिनदुखण्याची’ म्हणून जी महागडी डांग्या खोकल्याची लस मागितली जाते, तिने ताप कमी येतो हे खरे. पण तिचे संरक्षण तुलनेने लवकर ओसरते, हेही खरे. दोन-दोन हजार रुपये देता येत नाहीत म्हणून संकोचाने लसच लांबणीवर टाकणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. उपकेंद्रातील लस घेण्यात कमीपणा कसला?

अफवांविषयी थोडेच सांगतो. पल्स पोलिओच्या काळात उत्तर प्रदेशात त्या थेंबांनी वंध्यत्व येते अशी अफवा पसरली होती. ती मोडली कोणी? त्या त्या मोहल्ल्यातील मौलवींनी, शिक्षकांनी, स्थानिक डॉक्टरांनी स्वतःच्या मुलांना उघड्यावर थेंब पाजून. १३ जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओचा रुग्ण नाही आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त घोषित झाला. लस नाकारणे हा कोणा एका समाजाचा गुणधर्म आहे, अशी कुजबुज मी कार्यकर्त्यांत ऐकतो. देवीच्या लसीला शतकभर विरोध करणारे आपलेच पूर्वज होते. विषाणू जात, पंथ, प्रांत विचारीत नाही; आणि आपली शीतपेटीही तो विचारू नये.

आता प्रत्यक्ष काम. हंगाम सुरू होऊन कोप्या उभ्या राहिल्या की पहिल्या आठवड्यातच प्रत्येक फडाची यादी व्हावी : दोन वर्षांखालील बाळे किती, गरोदर भगिनी किती, कार्ड आहे की नाही. यादी करताना पत्रके वाटू नयेत, भाषण करू नये. बाळ मांडीवर घ्यावे, कोण कुठल्या गावचे ते विचारावे. ती यादी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे द्यावी आणि सत्र फडावर, संध्याकाळी किंवा कारखान्याच्या सुटीदिवशी घेता येईल का, हे विनंतीपूर्वक विचारावे. मुकादमांशी बोलणे हे महिलांपेक्षा येथील शेतकरी बांधवांना अधिक साधेल, कारण ऊस त्यांचा आहे. लसीच्या दिवसाचा खाडा धरू नये, एवढे एक बागाइतदार म्हणाला तर मुकादम ऐकतो, हे मी दोन ठिकाणी पाहिले आहे. टोचून झाल्यावर अर्धा तास थांबावे लागते, तेव्हा चहा-बिस्किटांची सोय आपण करावी. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी पुन्हा कोपीवर जाऊन बाळाचा ताप उतरला का, ते पाहून यावे. ही दुसऱ्या दिवशीची फेरी सर्वांत महत्त्वाची, आणि सर्वांत आधी तीच गळते.

सभागृहाच्या मागील टेबलावर गावांची नावे लिहिलेले कोरे तक्ते ठेवले आहेत. पाटस, आलेगाव, केडगाव, यवत येथील भगिनींनी आणि बांधवांनी आपल्या गावापुढे नाव व दूरध्वनी क्रमांक लिहून द्यावा. शिरूरहून आलेल्यांसाठी निराळा तक्ता आहे. ज्या गावापुढे दोनच नावे येतील, तेथे पहिल्या यादीला मी स्वतः येईन.